विमानतळावर खुर्ची मागणारे ओव्हाळ वकील

ओव्हाळ वकील कुठल्याही खिडकीपुढे उभे राहून बोलत नसत. रांगेत ते सगळ्यांसारखेच मुकाट्याने उभे राहत, पण नंबर आला की खिडकीतल्या माणसाला आधी विचारत, "साहेब, एक खुर्ची मिळंल का?" खिडकीतला माणूस गोंधळायचा. त्याच्या सबंध नोकरीत हे कुणी मागितलेलं नसायचं. मग वकीलसाहेब स्वतःच इकडे तिकडे बघत, शिपायाचं स्टूल, बाहेरच्या चहावाल्याचा बाक, जे हाताला लागेल ते ओढून आणत, बसत, पँटची घडी गुडघ्यावर नीट करत आणि मगच तोंड उघडत. मागचे लोक चडफडत. त्यांच्यासोबत गेलेली असले की मीसुद्धा चडफडायची.

एकदा न राहवून मी विचारलंच, की हे काय नाटक असतं तुमचं? ते म्हणाले, "उभ्यानं बोललं की माणूस घाई करतो पोरी. अन् घाईत एकतर रडतो न्हाईतर भांडतो. बसल्यावर दोन्ही जमत न्हाई. कामाचंच बोलावं लागतं." मी जन्माची उतावळी. मला तेव्हा ते काही पटलं नव्हतं.

ते माझ्या वडिलांचे मित्र. दोघेही नेकनूरचे, शाळेत एका बाकावर बसलेले. वडील गेल्यावरही त्यांनी आमच्याकडे येणं सोडलं नाही. दारातूनच आईला "गयावहिनी, जयभीम" अशी हाक द्यायचे, चहा घ्यायचे, छताला ओल आली आहे का, गॅसची नळी बदलली का, असल्या चौकशा करायचे आणि उठायचे. मी कॉलेजात भूगोल शिकवते, माझी मुलगी नोकरीला लागली, माझे केस पांढरे व्हायला लागले, तरी त्यांच्या लेखी मी 'पोरी'च राहिले. मी त्यांना काका म्हणायची. गाव मात्र वकीलसाहेब म्हणायचं.

वकिली त्यांनी बीडला केली, तीही ग्राहकांच्या तक्रारींची. कुलर गार हवा देत नाही, विम्याची कंपनी टाळाटाळ करते, मंगल कार्यालयवाल्याने एकाच तारखेला दोन लग्नं घेतली, असली प्रकरणं. खून-मारामारीवाल्या वकिलांसारखा रुबाब त्यांच्याकडे नव्हता आणि त्यांना त्याची खंतही नव्हती. "ज्याला कुनी मारलं न्हाई पर चिमटा काढला, त्याचा वकील हाय मी," असं ते म्हणायचे. आणि कायदा समजावून सांगायला त्यांच्याजवळ एकच साधन होतं, एसटी.

"तिकीट फाडलं म्हंजे काय झालं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. उत्तरही स्वतःच द्यायचे. "कंडक्टरनं तुला जबान दिली. आता गाडी घाटात बंद पडली तर जबान तुटती का? न्हाई. कंडक्टर खाली उतरतो, रस्त्यात उभा ऱ्हातो, हात करून दुसरी गाडी थांबवतो. ती त्याच्या डेपोची नसली तरी थांबवतो. अन् त्याच तिकिटावर तुला बसवून देतो. एवढाच कायदा हाय बघ. बाकी समदं इंग्रजी."

हक्काच्या बाबतीत ते जितके चिवट, तितकेच जास्तीचं मागण्याच्या बाबतीत चिडके. पाटोद्याहून एक तरुण कुलरची तक्रार घेऊन आला होता. दुकानदाराने कुलर बदलून दिला होता, पण याला मनस्तापाची भरपाई हवी होती, आणि आकडा असा की त्यात एक म्हैस यावी. वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "झोप किती दिवस न्हाई झाली तुझी?" तरुण म्हणाला, "तसं दोन-तीन दिवस." "मग दोन-तीन दिवसाच्या झोपंचं माग की. लगीन मोडल्यासारखं कावून मागतोस बे?" तरुण खजील होऊन हसला. वकीलसाहेबांनी त्याला चहा पाजला आणि बसस्थानकापर्यंत सोडूनही आले.

अशा या माणसाबरोबर मी एकदा विमानाने लडाखला गेले, आणि तो प्रवास झाला नसता तर हे लिहायचं कारणही पडलं नसतं.

आमच्या विहारातल्या बायका बोधगया, सारनाथ करून आलेल्या होत्या. एका उन्हाळ्यात कुणाच्या तरी मोबाईलवर बर्फातले बुद्धविहार दिसले आणि ठरलंच, की आता तिथे जायचं. आम्ही दहा-बारा जण निघालो. बहुतेक साठीच्या पुढच्या बायका, दोन निवृत्त गुरुजी, माझी आई, मी आणि वकीलसाहेब. तिकिटं काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सगळ्यांत हौशी होत्या कौसाबाई. दिंद्रुडला त्यांचं बांगड्यांचं दुकान, आणि माल आणायला जन्मभर एसटीने फिरलेल्या. विमानात बसल्या बसल्या त्यांनी हवाई सुंदरीला हाताने जवळ बोलावलं आणि मला म्हणाल्या, "कंडक्टरीणबाईला विचार गं, मधी कुठं थांबतीया का?"

पहिले दिवस फार आनंदात गेले. बीडच्या उन्हातून आलेल्या बायका मे महिन्यात स्वेटर घालून एकमेकींना हसत होत्या. तिथल्या विहारात भिक्खू त्यांच्या भाषेत म्हणत होते आणि आमच्या बायका आपल्या चालीवर त्रिशरण म्हणत होत्या. आई तर लहान मुलीसारखी सगळीकडे हात लावून बघत होती. परतीच्या आदल्या दिवशी मात्र तिला धाप लागायला लागली. आधी वाटलं चढ चढल्यामुळे असेल. मग ती बसल्या जागी धापा टाकू लागली, ओठ काळपट निळे दिसू लागले. दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. उंचीवर हवा विरळ होते हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. आई नळीआडून मला म्हणाली, "तुज्या पुस्तकात लिवलंय ते खरं हाय गं. हवाच न्हाई हितं." तेवढ्यातही तिला चेष्टा सुचत होती.

डॉक्टरांना चेष्टा सुचत नव्हती. फुप्फुसात पाणी धरायला सुरुवात झाली आहे, औषध देतो, पण खरं औषध म्हणजे खाली उतरणं, असं त्यांनी सांगितलं. उद्याचं विमान आहे ना, मग त्यानेच न्या. रस्त्याने नेऊ नका, रस्ता याहून उंच खिंडीतून जातो, तिथे पेशंट टिकायचा नाही. म्हणजे आईला हवा मिळायची ती फक्त विमानातूनच मिळणार होती.

ते विमानतळ म्हणजे उघड्या डोंगरांच्या बेचक्यात एक धावपट्टी आणि शेजारी आपल्या तालुक्याच्या बसस्थानकाएवढी इमारत. तिथली विमानं सकाळचीच असतात. दुपारकडे वारा सुटला की कुणी उडायचं धाडस करत नाही. आम्ही वेळेत पोहोचलो, सामान दिलं, आईला तिथल्या प्रथमोपचाराच्या खोलीत सिलिंडर लावून झोपवलं. आणि डोंगरांवर ढग उतरले. आमचं विमान दिल्लीहून आलं, वर घरघर केलेली आम्ही ऐकली, आणि न उतरताच परत गेलं. मग लाउडस्पीकरवर सांगितलं की खराब हवामानामुळे विमान रद्द आहे, सामान परत घ्या.

मी आईजवळ होते, त्यामुळे बाहेर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, फक्त आरडाओरडा ऐकू येत होता. माझी पर्स आईच्या उशाखाली आणि मोबाईल पर्समध्ये. त्यावर कंपनीचा निरोप येऊन पडला होता की पैसे परत हवे असतील तर इथे दाबा. सगळी तिकिटं माझ्या नंबरवर होती, म्हणून आमच्यातल्या दुसऱ्या कुणाला तो निरोप गेलाच नाही. बाकीच्या प्रवाशांना मात्र आला, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी रागारागाने दाबून टाकलं.

आमच्या लोकांनी काय केलं? विमान बंद पडलं म्हटल्यावर त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. आपापल्या बॅगा घेतल्या, इमारतीच्या बाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला ओळीने उभे राहिले. पुढे कौसाबाई. बंदूकवाला जवान आला आणि इथे का थांबलात म्हणून विचारू लागला. कौसाबाई म्हणाल्या, "दुसरी गाडी आती ना, उसकी राह देखरे हम. तुमारा कंडक्टर किदर है?" जवानाने डोक्याला हात लावला. पण हललं कुणी नाही. दुसऱ्या गाडीत बसवून दिल्याशिवाय कंडक्टर जात नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

वकीलसाहेब हे बघून माझ्याकडे आले तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. मला इतका संताप आला! आई तिथे पडलेली आणि हा माणूस हसतोय. ते म्हणाले, "पोरी, फोनवर काही दाबलंस का?" मी म्हटलं, "फोन बघायला फुरसत कुणाला आहे?" "लई झ्याक झालं. आता दाबू बी नको." मग त्यांनी मला समजावलं. विमान रद्द झालं की कंपनीने दोन वाटा द्यायच्या असतात. एकतर पैसे परत, नाहीतर दुसरं विमान. कुठली वाट घ्यायची ते प्रवाशाने ठरवायचं. पण एकदा पैशाची वाट घेतली की तिकीट संपलं, आणि तिकिटाबरोबर कंपनीची जबाबदारीही संपली. "तिकडं लोकांनी दाबून दाबून आपलीच जबान मोडून घेतलीया. अन् आपली मंडळी बघ, विमानाला यष्टी समजून कडंला उभी हायती. चुकली खरी, पर लई बरी चुकली. आपली समद्यांची तिकिटं अजून जित्ती हायेत."

तेवढ्यात दारात एक घोळका आला. कुणीतरी सांगितलं होतं की इथे एक वकील आहेत. पुढे पुण्याकडचा एक टोपीवाला गृहस्थ होता, मोबाईलवर सगळ्याचं चित्रण करत. त्याचं म्हणणं असं, की हवामानाचं कारण खोटं आहे असं आपण सगळ्यांनी लावून धरायचं आणि भरपाई उकळायची. वकीलसाहेब पुढारी झाले तर कंपनी घाबरेल. वकीलसाहेब दारापर्यंत गेले, मान वर करून बराच वेळ डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाले, "ढग खरेच हायेत साहेब. खराब हवेला भरपाई न्हाई मिळत. दुसरं कारण असतं तर मीच पुढं झालो असतो." टोपीवाला म्हणाला, "अहो, दबाव तर येईल ना?" हे म्हणाले, "खोट्या मुद्द्यावर मी बसत न्हाई." तो माणूस यांना घाबरट म्हणाला आणि घोळका घेऊन निघून गेला.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मीही त्या टोपीवाल्याच्याच बाजूची होते. "काका, आईकडे बघा! द्या ना धमकी. भरपाईची केस करतो म्हणा, पेपरात देतो म्हणा, काहीही म्हणा!" मी ओरडलेच. आईने डोळे उघडले. वकीलसाहेबांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "धमकी दिली की तो साहेब वरच्या साहेबाला विचारल. वरचा त्याच्या वरच्याला. त्यांचं उत्तर येईस्तोवर वहिनीचं काय व्हईल? आपल्याला त्यांचा पैसा न्हाई पायजे पोरी, आपल्याला उद्याची सकाळ पायजे." मग मला म्हणाले, "चल माज्यासंगट. अन् वराडू नको."

कंपनीच्या टेबलाशी माणसांची नुसती चेंगराचेंगरी. टेबलामागे त्यांचा व्यवस्थापक होता. तिथलाच डोंगरातला माणूस, चाळिशीचा, लाल गालांचा, डोळे झोप न झालेले. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. वकीलसाहेब रांगेत थांबले. मी मागे जळत होते. नंबर आला आणि त्यांनी तेच केलं. "साहब, एक कुर्सी मिलेगी क्या?" मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. पण तो व्यवस्थापक दमलेला होता. सकाळपासून शेकडो माणसं त्याच्या अंगावर ओरडली होती, कुणी बसायचं म्हटलं नव्हतं. त्याने आतून दोन खुर्च्या आणल्या, आणि बहुधा कुणीतरी बसलंय म्हणून, स्वतःही बसला.

मग वकीलसाहेब बीडच्या हिंदीत बोलू लागले. आधी म्हणाले, भरपाई आम्हाला नको, ढग तुमच्या हातातले नाहीत. व्यवस्थापकाचे खांदे एकदम सैल पडलेले मी पाहिले. मग म्हणाले, आमची दहा-बारा माणसं आहेत, सगळी म्हातारी, पैसे कुणीच परत घेतलेले नाहीत, म्हणजे दुसऱ्या विमानाची जबाबदारी तुमच्यावर आहे. तोपर्यंतचं जेवण आणि मुक्काम हेही तुमच्याकडे. व्यवस्थापकाने मान डोलावली. ते त्याला माहीत होतं, फक्त इतक्या वेळात त्याला कुणी ते सरळ मागितलं नव्हतं. जेवण आणि खोल्या लगेच ठरल्या. मग वकीलसाहेब म्हणाले, "और एक बीमार औरत है. उसको कल सुबह नीचे जानाच पडता."

व्यवस्थापकाने संगणक आमच्याकडे वळवला. उद्याचं भरलेलं. परवाचं भरलेलं. जागा निघत होती ती त्याच्याही पुढच्या विमानांत. तो खरंच कळवळून सांगत होता, आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, याच्याशी काय करायचं? मला रडू फुटलं. मी उठून उभी राहिले होते हे माझ्या लक्षातही नव्हतं. काकांनी माझा हात धरून मला खाली बसवलं, आणि जणू काही घाई नाही अशा आवाजात व्यवस्थापकाला आमच्याकडची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

"हमारे उधर बस बिगडी ना साहब, तो कंडक्टर रस्ते में खडा रहता. माजलगाव डेपो की बस बिगडी तो परळी डेपो की रोकता. उसकू कोई हुकूम नई देता. पैसिंजर को बिठाए बगैर उसकू घर जाने को शरम आती. वो बाहर देखो, हमारे लोगां उसीकी राह देखरे." आणि त्यांनी काचेतून बाहेर बोट दाखवलं. रस्त्याच्या कडेला कौसाबाई बॅगेवर बसल्या होत्या, बाकीच्या ओळीने उभ्या, सगळ्यांचं तोंड रस्त्याकडे.

व्यवस्थापकाने बाहेर पाहिलं आणि तो हसला. सकाळपासून पहिल्यांदाच हसला असावा. म्हणाला, त्याचे वडील खिंडीतून मालमोटार चालवायचे. बर्फात कुणाची गाडी अडकली तर मागून येणारा त्यातल्या माणसांना घेतल्याशिवाय पुढे जात नसे, मग ते कुणीही असोत. मग त्याने स्वतःचा मोबाईल काढला आणि दुसऱ्या विमान कंपनीतल्या कुणाला तरी फोन लावला. बोलणं त्यांच्या भाषेत झालं. मला एक अक्षर कळलं नाही. काका मात्र त्याच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होते, आणि गुडघ्यावरची नीट असलेली पँटची घडी पुन्हा पुन्हा नीट करत होते. म्हणजे त्यांनाही भीती वाटत होती. मला ते तोपर्यंत समजलंच नव्हतं.

दोन जागा मिळाल्या. दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या विमानात. आई आणि मी.

उठताना वकीलसाहेबांनी आणखी एक गोष्ट काढली. कोपऱ्यात एक म्हातारं जोडपं बसलं होतं, बंगालकडचं असावं. त्यांनी पैसे परत घेतले होते, त्यामुळे कंपनी त्यांचं काही देणं लागत नव्हती. वकीलसाहेब म्हणाले, "साहब, उनका हक खतम हो गया, मालूम है. पर भूक तो खतम नई हुई ना?" व्यवस्थापकाने त्यांचंही जेवण आमच्यात धरलं.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं. सगळी मंडळी आम्हाला पोहोचवायला आली. कौसाबाईंनी आईच्या कानाशी सांगितलं, "तू व्हय फुडं, आमची गाडी मागून येतीया." वकीलसाहेबांनी आईला नमस्कार केला. आई बोलू शकत नव्हती, तिने नुसता हात वर केला. विमान उडालं तेव्हा मी प्रार्थना वगैरे काही केली नाही, नुसते तिचे ओठ बघत बसले. दिल्लीला दार उघडलं आणि मे महिन्यातली ती भट्टीसारखी हवा आत आली. आईने डोळे मिटून ती छातीत भरून घेतली. "किती हाय गं हवा हितं," ती म्हणाली. दिल्लीच्या हवेचं एवढं कौतुक दुसऱ्या कुणी केलं नसेल. दवाखान्यात दोन-तीन दिवस काढले आणि ती बरी झाली.

मागे राहिलेली मंडळी पुढच्या विमानांतून थोडी थोडी करून परतली. सगळ्यांत शेवटी वकीलसाहेब. ते आले त्या संध्याकाळी मी शाल आणि पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी पेढा खाल्ला आणि शाल परत माझ्या पिशवीत घातली.

"हे कावून?"

मी म्हटलं, "काका, तुमचे आभार मानायचे आहेत."

"हक्काचं मिळालं त्याचे आभार मानायचे न्हाईत पोरी. आज मानलेस की उद्या माणूस वाकून मागायला लागतो. अन् देनाऱ्याला वाटतं, आपल्या खिशातलं दिलं. जागा कंपनीनं द्यायची व्हती, तिनं दिली. मी काय दिलं तुला?"

मला हा हिशेब मान्य नव्हता. मी म्हटलं, "मग त्या व्यवस्थापकाला तुम्ही निघताना मिठी कशाला मारली? कौसाबाईंनी सांगितलंय मला."

"जेवनाची न्हाई मारली. खोल्यांची न्हाई मारली. त्यानं पदरचा फोन काढून दुसऱ्या कंपनीला लावला. ते त्याच्यावर बंधन नव्हतं. ते त्यानं दिलं. त्याचे आभार मानायलाच पायजेत." पुढे दर बुद्धपौर्णिमेला ते त्या माणसाला आठवणीने फोन करत, आणि दोघं काय बोलत असत कुणास ठाऊक, बराच वेळ हसत असत.

त्या संध्याकाळी मात्र मी म्हटलं, "मग तुमच्यावर तरी कुणाचं बंधन होतं?" त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि आत चहा सांगायला गेले. तो विषय त्यांनी पुन्हा कधी निघू दिला नाही. मी काढला की ते छताच्या ओलीची चौकशी करायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं हृदय दमलं. बीडच्या दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेले तेव्हा मोठे डॉक्टर फेरीवर आलेले, खाटेशी उभ्या उभ्या कागद चाळत होते. वकीलसाहेब क्षीण आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, जरासं बसा की." डॉक्टर चमकले, मग खाटेच्या कडेवर टेकले, आणि टेकल्यावर त्यांना निघणं जमेना. नेकनूरच्या बाजारापासून डॉक्टरांच्या मुलाच्या परीक्षेपर्यंत सगळं बोलून झालं. तिथल्या नर्सने मला नंतर सांगितलं की डॉक्टर त्या दिवसापासून येताना रोज बसू लागले. पण बसून बोलण्याने सगळंच साधत नाही. वकीलसाहेब तिथून घरी आले नाहीत.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम नेकनूरच्या विहारात झाला. माणसं मावली नाहीत, बाहेर पटांगणात सतरंज्या टाकाव्या लागल्या. पाटोद्याचा तो कुलरवाला आला होता, दिंद्रुडहून कौसाबाई आल्या होत्या, आणि मला ओळखू न येणारे कितीतरी लोक, वकीलसाहेबांमुळे ज्यांचं कुठेतरी कुणीतरी ऐकून घेतलं होतं. मोठी माणसं बोलली, चांगलं बोलली. मग आई उठली. जन्मात कधी माइकपुढे न गेलेली बाई. मी तिला धरायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला.

फोटोतल्या वकीलसाहेबांकडे बघत ती म्हणाली, "हक्काचं आसंल त्याचं आभार मानायचं न्हाई म्हनलात पोरीला. बरं, कंपनीचं न्हाई मानलं. पर वकीलसाहेब, माजा तुमच्यावर काय हक्क व्हता वो?"

एवढंच बोलून तिने हात जोडले आणि तशीच उभी राहिली. पटांगणात कुणी हाललं नाही. मी तिच्या मागेच उभी होते, आणि त्या शांततेत मला तिचा श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर, आत, बाहेर. तो अगदी नीट चालला होता.